‘लिंक गेली’ म्हणजे नक्की काय गेलं?



आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत चार पानं सलग लिहायची ही माझी पहिलीच वेळ. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात आणि तांत्रिक चुका सरांनी!

गेल्या सेमिस्टरला माझ्या सेमिनारचा विषय होता, मेनफ्रेमवरच्या ट्रान्झॅक्शन सिस्टीम आणि त्यांना जोडलेली टर्मिनल्स. इंग्लिशमध्ये वीस स्लाइड्स केल्या, टाळ्या झाल्या, मार्क मिळाले, विषय संपला. मग सुट्टीत घरी गेले आणि आजीने एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला त्या वीस स्लाइड्समधून काही देता येईना. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर.

माझं घर महाडला. आजी आता ऐंशीच्या घरात आहे, पण पेन्शन काढायला ती अजून स्वतः जाते. त्या दिवशी मी तिच्यासोबत गावातल्या एका बँकेत गेले होते. तीन हजारांची स्लिप भरली, टोकन घेतलं, नंबर आला. कॅशियरने खातं नंबर टाकला, रक्कम टाकली, बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाला, “आजी, थोडं बसा. लिंक गेली.”

ही दोन शब्दांची घोषणा ज्याने ऐकली नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये तरी सापडणार नाही. बँकेत ऐकली नसेल तर रिझर्वेशनच्या खिडकीवर, नाहीतर पोस्टात. आम्ही पाऊण तास बसलो. लिंक आली. मला वाटलं, आता कॅशियर सगळं पुन्हा टाइप करणार. पण त्याने तसं केलं नाही. त्याने आधी आजीचं खातं उघडून शेवटच्या नोंदी पाहिल्या. तीन हजार खात्यातून वजा झालेले होते. मग त्याने मुकाट्याने नोटा मोजल्या आणि आजीच्या हातात दिल्या.

बँकेतून निघालो की आजीला चवदार तळ्यावर दहा मिनिटं बसायचं असतं. तिचे वडील १९२७ साली पोलादपूरकडच्या एका वाडीतून चालत इथे आले होते. पायऱ्यांवर बसल्यावर तिने नोटा पुन्हा एकदा मोजल्या आणि विचारलं, “बाय, एक सांग. लिंक गेली तेव्हा माझे पैसे होते कुठं? खात्यात नव्हते, हातात पन नव्हते. मग पाऊण तास होते कुठं?”

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. ‘ट्रान्झॅक्शन’ला मराठीत काय म्हणतात, इथपासून अडचण होती. पण खरी अडचण भाषेची नव्हती. मला स्वतःलाच नीट समजलेलं नव्हतं.

खिडकी वेगळी, कोठार वेगळं

पहिली गोष्ट अशी की कॅशियरच्या टेबलावर जे असतं त्यात आजीचे पैसे कधीच नसतात. ती फक्त खिडकी. हिशेब लांब कुठेतरी एका मोठ्या मशीनमध्ये असतो. जुन्या टर्मिनलला तर स्वतःचं डोकंच नसे. पडदा, कीबोर्ड आणि एक वायर. म्हणूनच त्याला ‘डम्ब टर्मिनल’ म्हणत.

महाडकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं तेव्हा दुकानं, घरं, ऑफिसं सगळीकडे चिखल झाला. त्याच पावसात २२ जुलैला तळीयेला दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हतं. पण आजीचं पासबुक चिखलात भिजून त्याचा लगदा झाला होता आणि ती रडवेली झाली होती. पुढे नवीन पासबुक छापून मिळालं, शिल्लक रुपयापर्यंत बरोबर. बुडालं ते खिडकीकडचं. कोठार दुसरीकडे कोरडं होतं.

एका कोठाराला हजारो खिडक्या, ही कल्पना बँकांच्याही आधी विमानवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर राबवली. १९६० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने मिळून ‘सेबर’ नावाची रिझर्वेशन सिस्टीम उभी केली. १९६९ साली आयबीएमने सीआयसीएस हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. ते मेनफ्रेमवर बसून असंख्य टर्मिनल्सची कामं एकाच वेळी सांभाळतं. १९७१ साली ३२७० जातीची टर्मिनल्स आली. आज ती काचेची जाड टर्मिनल्स गेली, त्यांच्या जागी पीसीवर तसाच काळा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर आलं. पण सीआयसीएस स्वतः अजून चालू आहे. परदेशातल्या मोठमोठ्या बँका आणि विमा कंपन्या त्यावर चालतात आणि त्यांची देखभाल करणारे कितीतरी इंजिनिअर पुण्या-मुंबईत बसतात. कॅम्पसमधून निवड झाल्यावर ‘मेनफ्रेम मिळालं’ म्हणून तोंड पाडून बसणारे सीनियर्स आपण सगळ्यांनी पाहिलेत!

आपल्याकडचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे रेल्वेचं पीआरएस. १९८५ साली नवी दिल्लीत त्याची सुरुवात झाली. १९८६ साली रेल्वेने कॉम्प्युटरच्या कामासाठी ‘क्रिस’ ही वेगळी संस्था काढली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ साली ‘कॉन्सर्ट’ या सॉफ्टवेअरने एकमेकांना जोडली गेली. त्याआधी प्रत्येक केंद्राचं कोठार वेगळं होतं. हे पीआरएस आयबीएमच्या मेनफ्रेमवर नाही, तर व्हॅक्स जातीच्या मशीन्सवर उभं राहिलं. आपल्या बऱ्याच बँकांचं कोअर बँकिंगही मेनफ्रेमवर नाही, ते युनिक्स किंवा लिनक्सच्या सर्व्हरवर चालतं. पण खिडकी आणि कोठार यांच्यात जे नियम पाळावे लागतात ते सगळीकडे जवळजवळ सारखेच. ते नियम मी सीआयसीएसवरून सांगते, कारण तिथे ते सगळ्यात स्पष्ट दिसतात.

हजेरीपट आणि पोळीवाल्या मावशी

मेनफ्रेमला कसं कळतं की कोणती टर्मिनल्स आपली आहेत? आपल्या रेक्टर सरांकडे जसं रजिस्टर असतं तसं सीआयसीएसकडे एक टेबल असतं, टर्मिनल कंट्रोल टेबल. प्रत्येक टर्मिनलला चार अक्षरांचं नाव. त्या नावापुढे त्याची सगळी माहिती: हे पडदा आहे की प्रिंटर, पडद्यावर किती ओळी मावतात, सध्या त्यावर कुठलं काम चालू आहे, आणि ते ‘इन सर्व्हिस’ आहे की ‘आउट ऑफ सर्व्हिस’. ही शेवटची नोंद लक्षात ठेवा. टेबलात नाव असणं वेगळं आणि सेवेत असणं वेगळं. नाव व्यवस्थित लिहिलेलं असेल, पण पुढे ‘आउट ऑफ सर्व्हिस’ असेल तर तुम्ही कितीही बटणं दाबा, काही होणार नाही.

आता टर्मिनलने काही टाइप केलं तर ते मेनफ्रेमला सांगायचं कसं? सगळ्यांनी एकदम ओरडायला सुरुवात केली तर एकाचंही ऐकू येणार नाही. म्हणून जुन्या लाइन्सवर पोलिंग नावाची पद्धत होती. आपल्या मेसमध्ये मावशी पोळ्यांचा डबा घेऊन रांगेतून फिरतात. प्रत्येक ताटापाशी एक क्षण थांबतात, “पोळी?” हवी असेल तर वाढतात, नको असेल तर पुढे. कोणी ओरडत नाही आणि कोणी उपाशीही राहत नाही. पोलिंग म्हणजे हेच. मेनफ्रेम आळीपाळीने विचारत राहतो, “काही आहे?” आणि ज्याच्याकडे असेल तो देतो.

प्रत्येक टर्मिनलकडे मेनफ्रेमला स्वतः जावं लागू नये म्हणून मध्ये एक कंट्रोल युनिट बसवत. एका कंट्रोल युनिटला ३२ पर्यंत उपकरणं जोडता येत. म्हणजे मेसमध्ये प्रत्येक टेबलाचा एक मॉनिटर नेमला आणि मावशींनी फक्त त्यालाच विचारलं, तसं. आता टीसीपी-आयपीच्या जमान्यात हे जुनं पोलिंग फारसं उरलेलं नाही. पण ‘प्रत्येकाची पाळी येईल आणि कोणी सगळी लाइन अडवून बसणार नाही’ हा त्यामागचा विचार कायम आहे.

फॉर्म भरा आणि मगच द्या

आपण मोबाइलवर एकेक अक्षर टाइप करतो तेव्हा कितीतरी ॲप्स प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरला त्रास देतात. ३२७० चं तसं नव्हतं. त्याचा सर्वात प्रचलित पडदा २४ ओळींचा, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, म्हणजे एकूण १९२०. मेनफ्रेम या पडद्यावर एक कोरा फॉर्म पाठवतो. काही जागा कुलूपबंद (‘खातेदाराचं नाव:’ हे शब्द तुम्हाला खोडता येत नाहीत), काही जागा भरण्यासाठी मोकळ्या. तुम्ही फॉर्म निवांत भरा, चूक झाली तर खोडा, पुन्हा लिहा. या सगळ्या खाडाखोडीचा मेनफ्रेमला पत्ताही नसतो. तुम्ही एंटर दाबलं की फॉर्म जातो.

त्यातही गंमत अशी की अख्खा फॉर्म जात नाही. ज्या जागेत तुम्ही काही लिहिलं, तिथे टर्मिनल स्वतःच एक ‘बदल झाला’ अशी खूण करून ठेवतं. एंटर दाबल्यावर फक्त खूण असलेल्या जागा पाठवल्या जातात. १९२० अक्षरांच्या पडद्यातून कदाचित वीसच अक्षरं तारेवरून जातात. त्या काळच्या संथ टेलिफोन लाइन्सवर हाच फरक जीवनमरणाचा होता.

आणि एंटर दाबल्यावर कीबोर्ड लॉक होतो. पडद्याच्या तळाशी एक फुली आणि घड्याळाचं चित्र येतं. अर्थ सरळ आहे, “तुझं मिळालं, आता उत्तर येईपर्यंत हात बांधून बस.” पुन्हा पुन्हा एंटर बडवण्याची सोयच नाही. रिझल्टच्या दिवशी वेबसाइट रिफ्रेश करून करून आपण सर्व्हर झोपवतो. तेव्हा मला या लॉकची फार आठवण येते.

विसरण्याची शिस्त

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. आवडता, कारण तो मला सगळ्यात उशिरा समजला.

समजा कॅशियरने आजीचा खातं नंबर टाकला. मेनफ्रेमवर एक प्रोग्रॅम जागा झाला, त्याने खातं वाचलं, पडद्यावर शिल्लक दाखवली. आता कॅशियर स्लिपवरची सही पाहतोय, आजीला विचारतोय, “पाचशेच्या देऊ की शंभरच्या?” या वेळात तो प्रोग्रॅम काय करतो?

माझं पहिलं उत्तर होतं, “वाट पाहतो.” चूक!

हिशेब करून बघा. माणसाला विचार करायला आणि टाइप करायला समजा ३० सेकंद लागतात आणि मशीनला खरं काम करायला ०.१ सेकंद. प्रोग्रॅम वाट पाहत बसला तर त्याने अडवलेल्या जागेचा ३०१ भागांतला फक्त एक भाग कामाचा, बाकी सगळा रिकामटेकडा. हजार खिडक्या असतील तर हजार प्रोग्रॅम मेमरीत नुसते बसून. १९७० च्या दशकातल्या मशीनची मेमरी आपल्या हातातल्या मोबाइलपुढे नगण्य होती. तिला हे झेपणं शक्यच नव्हतं.

म्हणून सीआयसीएसमध्ये प्रोग्रॅम पडदा पाठवतो आणि संपतो. पूर्ण संपतो. मेमरी परत, कुलपं परत. जाताना तो फक्त दोन गोष्टी सोडून जातो. एक म्हणजे या टर्मिनलवरून पुढचा एंटर आला की कुठलं ट्रान्झॅक्शन सुरू करायचं त्याचं चार अक्षरी नाव. दुसरी म्हणजे एक छोटी चिठ्ठी, ‘आत्तापर्यंत इतकं झालं आहे’ अशी. या चिठ्ठीला कॉमएरिया म्हणतात. कॅशियरने एंटर दाबलं की नवा प्रोग्रॅम उठतो, चिठ्ठी वाचतो आणि जणू काही तोच मघापासून बोलत होता अशा थाटात पुढे बोलू लागतो. समोरच्या माणसाला वाटतं, सलग संवाद चालू आहे. म्हणूनच या पद्धतीला नाव आहे ‘स्यूडो-कन्व्हर्सेशनल’, म्हणजे संवादाचा नुसता भास.

कँटीनमधला पोरगा आठवा. तुम्ही पाटीकडे बघत ‘वडापाव की मिसळ’ करत बसलात तर तो तुमच्या डोक्यावर उभा राहत नाही. बाकीच्या चार टेबलांवर जाऊन येतो. तुम्ही हात वर केलात की परत हजर. एकटा पोरगा अख्खं कँटीन सांभाळतो तो असाच. कोणाही एका गिऱ्हाइकाच्या विचारात तो अडकत नाही, म्हणून तो सगळ्यांचा असतो.

विसरण्याचा धोका

पण या विसरण्याची किंमत आहे. प्रोग्रॅम संपताना कुलपंही सुटतात, असं वर म्हटलं. समजा मुंबई-मडगाव गाडीत एकच बर्थ उरला आहे. पुण्याच्या खिडकीवर ‘१ शिल्लक’ दिसलं. ठाण्याच्या खिडकीवरही त्याच क्षणी ‘१ शिल्लक’ दिसलं. दोन्ही क्लार्क प्रवाशाचं नाव टाइप करतायत. बर्थ कोणाचा?

नवशिक्या इंजिनिअरला वाटतं, पहिल्याने पाहिलं तेव्हाच बर्थला कुलूप लावा. पण तो क्लार्क चहाला गेला तर? कुलूप तसंच लटकत राहील आणि सगळा देश थांबेल. म्हणून नियम असा की माणूस विचार करत असताना कुलूप धरून ठेवायचं नाही. एंटर आल्यावर, प्रत्यक्ष लिहिण्याच्या क्षणी, कुलूप लावायचं, बर्थ अजून शिल्लक आहे का ते पुन्हा तपासायचं, असेल तर लिहायचं आणि लगेच कुलूप काढायचं. ज्याचा एंटर आधी पोहोचला त्याला बर्थ. दुसऱ्याला ‘क्षमस्व’. पडद्यावर दिसलेली शिल्लक म्हणजे वचन नव्हे, ती मघाची बातमी असते.

मग ‘लिंक गेली’ तेव्हा काय होतं?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. आजीचे तीन हजार काढणं म्हणजे मशीनच्या दृष्टीने कमीत कमी दोन नोंदी आहेत. आजीच्या खात्यातून तीन हजार वजा, आणि कॅशियरच्या कॅशच्या हिशेबातूनही तीन हजार कमी. यातली एक झाली आणि दुसरी राहिली तर हिशेबाचं वाटोळं. म्हणून ट्रान्झॅक्शनचा मुख्य नियम: दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. बदल पक्का होण्याआधी मशीन लॉगमध्ये लिहून ठेवतं की आधी काय होतं आणि नंतर काय होणार. सगळं नीट पार पडलं की ‘कमिट’ची नोंद होते. मध्येच काही बिघडलं तर लॉग वाचून सगळं पूर्ववत केलं जातं, त्याला ‘बॅकआउट’ म्हणतात.

लिंक तीन ठिकाणी तुटू शकते.

एक, एंटर मशीनपर्यंत पोहोचायच्या आधी. मशीनला काहीच कळलं नाही. आजीचे पैसे खात्यात सुरक्षित.

दोन, मशीनचं काम अर्धवट असताना काहीतरी कोलमडलं. लॉग वाचून बॅकआउट. पैसे पुन्हा खात्यात, जणू काही घडलंच नाही.

तीन, मशीनने काम पूर्ण केलं, कमिट केलं, पण ‘झालं’ हे उत्तर परत येताना वाटेत लिंक तुटली. पैसे खात्यातून गेले, पण खिडकीला कळलंच नाही.

आता कॅशियरच्या खुर्चीत बसून पाहा. पहिला प्रकार असो, दुसरा असो वा तिसरा, त्याच्या पडद्यावर दिसतं एकच. काहीच दिसत नाही! तिन्हींमध्ये फरक करायला त्याच्याकडे काहीही साधन नाही. अशा वेळी ‘नसेल झालं’ असं धरून पुन्हा टाइप केलं आणि प्रत्यक्षात तिसरा प्रकार असला, तर आजीच्या खात्यातून सहा हजार जातात. ‘झालंच असेल’ असं धरून नोटा दिल्या आणि प्रत्यक्षात पहिला प्रकार असला, तर संध्याकाळी कॅशियरच्या कॅशमध्ये तीन हजारांचा खड्डा पडतो. बरोबर मार्ग एकच: अंदाज करायचा नाही, कोठाराला विचारायचं. लिंक आल्यावर आधी पाहा की काय पक्कं झालंय, मग पुढचं करा.

आमच्या कॅशियरने नेमकं तेच केलं होतं. त्याने बहुतेक सीआयसीएसचं नावही ऐकलं नसेल. पण माझ्या वीस स्लाइड्सचं सार त्याच्या हाताला सवयीने माहीत होतं.

म्हणजे आजीला द्यायचं उत्तर असं: “आजी, पाऊण तास तुझे पैसे हिशेबाने निघालेले होते आणि नोटांनी कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. ड्रॉवरमध्ये हिशेबापेक्षा तीन हजार जास्त होते. त्याने ते विसरून दिले नसते, तरी संध्याकाळी कॅश जुळवताना सापडलेच असते. ते हरवले नव्हते. फक्त तुझ्यापर्यंत पोहोचले नव्हते.”

आणि इथे मला एक गोष्ट कळली, जी सेमिनारमध्ये मी कुठेच लिहिली नव्हती. मशीन दोन नोंदींची हमी देऊ शकतं. पण कमिटची हद्द कोठारापाशी संपते. नोट आजीच्या तळहातावर पडणं ही त्या हद्दीच्या बाहेरची घटना आहे. तिथे ट्रान्झॅक्शन नाही, लॉग नाही. तिथे एक माणूस आहे. त्याने तपासलं तर ठीक.

तळ्याकाठी

हे सगळं मी आजीला पुढच्या महिन्यात सांगितलं, तळ्याच्या त्याच पायरीवर. टेबलात नाव असतं पण सेवा नसते, हेही सांगितलं. आजी बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हंजे या तळ्यासारखंच झालं की.”

तिने सांगितलं ते मी नंतर वाचून ताडून पाहिलं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपल्या हद्दीतलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे नोंद पूर्ण होती. वरच्या पातळीवर ‘कमिट’ झालेलं होतं. तरी तीन वर्षं कोणालाही पाण्यापर्यंत पोहोचता आलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्या ठरावाचा अर्थ तेव्हा प्रत्यक्षात आला. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षं.

मला इथे जपून लिहायला हवं. टर्मिनल बंद असतं तेव्हा त्यामागे कोणाचा द्वेष नसतो. वायर तुटलेली असते. तळ्यापाशी वायर तुटलेली नव्हती, माणसांनीच माणसांना अडवलं होतं. त्या लढ्याला मशीनची उपमा देऊन मला तो लहान करायचा नाही. उपमा मी दिलीही नाही, आजीने दिली. तिच्या वडिलांनी त्या दिवशी ते पाणी प्यायलं होतं, त्यामुळे तो तिचा अधिकार आहे.

ती म्हणाली, “कागदावर होतं गो. ओंजळीत नव्हतं.”

आपल्यापैकी बरेच जण उद्या अशाच कोठारांवर काम करतील. मेनफ्रेम असेल, क्लाउड असेल, नाव काहीही असो. सरकारी योजनेचे पैसे, पेन्शन, रेशन, तिकीट, सगळं आता कुठल्या ना कुठल्या पडद्यावरून जातं. आपल्या डॅशबोर्डवर ‘यशस्वी’ असं हिरव्या अक्षरात येईल आणि आपण लॅपटॉप बंद करून चहाला जाऊ. तेव्हा एवढं आठवावं की ते हिरवं अक्षर कोठारातल्या नोंदीबद्दल बोलतंय. खिडकीपलीकडे टोकन हातात धरून बसलेल्या आजीपर्यंत काय पोहोचलं, ते त्याला माहीत नाही. ते विचारायची सोय आपल्या सिस्टीममध्ये आपणच ठेवायची. शेवटचा व्यवहार झाला की नाही हे खिडकीवरच्या साध्या माणसाला एका बटणात पाहता आलं पाहिजे. तेच काम दोनदा पाठवलं गेलं तरी पैसे एकदाच वजा झाले पाहिजेत.

आणि हॉस्टेलवासीयांनो, फीच्या खिडकीवर कधी ‘लिंक गेली’ ऐकलंत तर भांडू नका. लिंक आल्यावर फक्त एवढंच म्हणा, “सर, पुन्हा टाकायच्या आधी मघाचं झालंय का ते एकदा बघता का?” आजीच्या कॅशियरने ते न सांगता केलं होतं. त्याला थँक यू म्हणायचं मात्र त्या दिवशी माझ्याकडून राहूनच गेलं.